माझ्याखालचे दोन कागद

मी फ्रिजच्या दारावरचा लोहचुंबक बोलतोय. फळांच्या, फुलांच्या, चिमुकल्या घरांच्या आकाराचे रंगीत चुंबक तुम्ही पाहिले असतील, त्यांतला मी नव्हे. मी काळा आहे, गोल आहे, मध्ये भोक आहे आणि एका कडेचा टवका उडालेला आहे. या घरात पाहुणे येतात, पाणी घ्यायला फ्रिजपाशी जातात आणि माझ्याकडे बघून विचारतात, "हे काय लावलंय?" इतक्या वर्षांत कुणी त्यांना नीट उत्तर दिलेलं नाही. म्हणून आज मीच देतो.

माझ्या अंगी एकच गुण. धरलं की सोडायचं नाही. माणसांमध्ये असा कुणी असला की त्याला चिवट म्हणतात, हट्टी म्हणतात, कधी कधी एकनिष्ठही म्हणतात. माझ्या बाबतीत हा गुण होता की खोड होती, हे मला आता सांगता येत नाही. सगळं ऐका आणि तुम्हीच ठरवा.

माझा जन्म भट्टीत झाला. काळी भुकटी साच्यात दाबली, भाजली, आणि मग एका यंत्रात घालून असा काही झटका दिला की तेव्हापासून लोखंड जवळ आलं की मला राहवत नाही. पुढे मला एका मोठ्या स्पीकरच्या पाठीला चिकटवलं आणि तो स्पीकर बस स्थानकावर टांगला. तिथे मी काही वर्षं काढली. दिवसभर माझ्या अंगातून दुसऱ्याचंच बोलणं जायचं. 'प्रवाशांनी लक्ष द्यावे, गाडी उशिराने येत आहे.' दहातली सात वाक्यं उशिराचीच. लोक खाली उभे राहून चडफडायचे आणि मला वर गंमत वाटायची. उशीर म्हणजे काय, ते मला तेव्हा कुठे ठाऊक होतं!

स्पीकरचा पडदा फाटला आणि आम्ही भंगारात गेलो. तिथून कुणीतरी मला पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात नेलं. लेथवर लोखंड कातलं की खाली बारीक कीस पडतो, तो गोळा करायचं काम मला मिळालं. अंगभर कीस चिकटून मी साळिंदरासारखा दिसायचो. टवका उडाला तोही तिथेच, एका घाईवाल्या कामगाराच्या हातून पडलो तेव्हा.

त्या लेथवर एक नवा टर्नर लागला होता. नाकासमोर चालणारा, अबोल माणूस. पण कामात असा काटेकोर की मापातला केसाएवढा फरकही त्याला खपायचा नाही. कुणी एखादा नग दाखवायला आणला की हा नुसत्या डोळ्यांनी बघून सांगायचा, "सूतभर जास्त आहे." मोजून पाहावं तर खरंच जास्त असायचा. त्यामुळे कारखान्यात त्याचं नावच 'सूतभर' पडलं. हाच पुढे माझा मालक झाला.

त्याचं लग्न होऊन चार महिने झाले होते. बायको घरी शिवणकाम करायची. एक दिवस तिची सुई जमिनीवर पडली आणि याच्या तळपायात गेली. दुसऱ्या दिवशी तो लंगडत कामावर आला आणि त्याने फोरमनकडे मला मागून घेतलं. फोरमन म्हणाला, "ने बाबा. टवका उडालेला चुंबक आणि लंगडा टर्नर, जोडी छान जमेल."

मालकिणीने माझ्या भोकातून एक नाडी ओवली. रोज संध्याकाळी मशीन बंद केलं की ती मला जमिनीवर सोडायची आणि मुलं खेळण्यातली गाडी ओढतात तशी ओढत घरभर फिरायची. "चल काळ्या, लाग कामाला," म्हणायची. काळ्या हे माझं तिने ठेवलेलं नाव. एकटी असली की ती सगळ्याच वस्तूंशी बोलायची. मशीनला रागवायची, कात्रीची समजूत काढायची. मी पलंगाखालून, उंबऱ्याच्या फटीतून सुया ओढून आणायचो. एखाद्या दिवशी एकही नाही मिळाली तर ती म्हणायची, "आज उपास घडला रे तुला."

मालकाची पाळी दर आठवड्याला बदलायची. तो कामावरून यायचा तेव्हा ती झोपलेली, ती उठायची तेव्हा तो घोरत असलेला. एका घरात राहून दोघांची आठवडा आठवडा गाठ पडायची नाही. म्हणून ती चिठ्ठ्या लिहायला लागली. फ्रिज तेव्हा नव्हता, लोखंडी कपाट होतं. त्याच्या दारावर माझ्याखाली ती चिठ्ठी लावायची. 'गॅस संपत आलाय.' 'मोरीची जाळी तुंबलीय.' 'घरमालक येऊन गेले, गोड बोलले, काहीतरी काळंबेरं आहे.'

त्यातून या घराचा एक नियमच होऊन बसला. माझ्याखाली कागद आहे, म्हणजे काम बाकी आहे. कागद निघाला, म्हणजे ज्याने काढला त्याने ते अंगावर घेतलं. मग पुन्हा विचारायचं नाही, टोचायचं नाही. आजूबाजूच्या घरांत एका जाळीसाठी तीन दिवस भांडणं चालायची, इथे चिठ्ठी निघायची आणि संध्याकाळी पाणी वाहायला लागायचं. मला या नियमाचा अभिमान होता, तो मी लपवत नाही. संसार दोघांचा असला तरी निरोप माझ्या हातून जात होते.

अवघड गोष्टी तर माझ्याखालीच यायच्या. वाईट बातमी तोंडाने उच्चारली की ती खरी होते, असं मालकिणीचं एक खूळ होतं. तिचे वडील गेले तेही नवऱ्याला चिठ्ठीतूनच कळलं. आणि चांगली बातमी सांगायला लाज वाटायची, म्हणून तीही चिठ्ठीतूनच. एकदा तिने लिहिलं, 'डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता आपण तिघं.' मालकाने ती चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि कामावर निघून गेला. त्या दिवशी बोलला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मालकिणीचा जीव टांगणीला. तिसऱ्या दिवशी तो आला तो सायकलच्या मागे बाळाला आंघोळ घालायचा टब बांधून.

"अहो, बाळ यायला अजून सात महिने आहेत!" मालकीण म्हणाली आणि हसता हसता रडायला लागली.

तेव्हापासून तिची खात्रीच पटली. हा माणूस बोलत नाही, पण कागद काढला म्हणजे ते काम त्याने मनावर घेतलेलं असतं. पुढे जे झालं त्याचं मूळ या टबात आहे.

मुलगी झाली, रांगायला लागली. तेव्हा मालकीण मला दिवसातून तीनदा फिरवायची. पोरीच्या गुडघ्यांना एकदाही सुई लागली नाही, हे माझं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम. मुलगी मोठी झाली, शिकली, लग्न करून दुसऱ्या शहरात गेली. कपाटाच्या जागी फ्रिज आला आणि माझा मुक्काम त्याच्या दारावर हलला. पाळ्या संपल्या, मालकाला कायम दिवसाचं काम मिळालं. आता दोघं समोरासमोर बसून चहा प्यायचे, पण अंगवळणी पडलेलं कुठे सुटतं? चिठ्ठ्या चालूच राहिल्या.

आता घरातला एक विनोद सांगायला हवा, कारण पुढे तो विनोद राहिला नाही. मालक नोकरीला लागला तेव्हा कारखान्यात बाविसाच्या वर कुणाला घेत नसत. हा चोविसाचा. फोरमनने डोळे मिचकावले आणि अर्जावर दोन वर्षं कमी लिहिली. म्हणजे जन्मनोंदीत मालकाचं वय एक आणि कारखान्यात दुसरं. मालकीण त्याला चिडवायची, "घरातला नवरा म्हातारा होतोय, कारखान्यातला अजून तरणाताठा आहे. मला तोच द्या." आणि काही विसरला की म्हणायची, "साठी बुद्धी नाठी म्हणतात, तुमची अठ्ठावन्नालाच नाठली." मालक गालात हसायचा.

तर मालक खरोखरच साठीला आला तेव्हा सरकारी आरोग्य विम्याचं पत्र आलं. मालकिणीने ते मशीनशेजारी बसून मोठ्याने वाचलं. साठ वर्षं पूर्ण होण्याआधीचे तीन महिने आणि नंतरचे तीन महिने, एवढ्या मुदतीत नाव नोंदवायचं. नवऱ्याच्या नावाबरोबर बायकोचंही नाव कार्डावर येतं. तपासण्या, शस्त्रक्रिया, औषधं, सगळं त्या कार्डावर.

"अहो, माझंही नाव," ती म्हणाली. कारखान्याचा दवाखाना फक्त कामगारांसाठी होता. आजवर ती आजारी पडली की गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंकडच्या दोन गोळ्यांवर भागायचं. "म्हणजे मी त्या मोठ्या रुग्णालयात जाऊन कार्ड दाखवायचं आणि ते मला बसा म्हणणार!"

मालकाने पत्र हातात घेतलं. शेवटच्या पानावर तो थांबला. अर्जाच्या तळाशी एक चौकट होती. कामाच्या ठिकाणचा शिक्का, सही, आणि जन्मतारखेची खात्री. पत्र मिटून त्याने तिला परत दिलं. मालकिणीने पत्र माझ्याखाली लावलं आणि कौतुकाने माझ्यावर टिचकी मारली.

आता त्याच्या पोटातली भीती मी सांगतो, कारण ती त्याने फार उशिरा सांगितली. अर्जावर खरी तारीख लिहायची म्हणजे कारखान्याला कळणार. कळलं की दोन वर्षं आधीच घरी बसवणार. वर छत्तीस वर्षांपूर्वी खोटं लिहिलं म्हणून निवृत्तिवेतनच अडवलं तर? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत झाली. रोज सकाळी तो फ्रिजपुढे उभा राहायचा, पत्राकडे बघायचा आणि पाण्याची बाटली घेऊन निघायचा.

तीन आठवडे गेले. एका दुपारी मालकीण बाहेरून आली ती चपला न काढताच स्वयंपाकघरात. तिच्या हातात डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी होती. ती खुर्चीवर बसली, चिठ्ठीच्या खाली पेनाने काहीतरी लिहिलं, आणि उठून माझ्यापाशी आली.

"काळ्या," ती म्हणाली, "काखेत गाठ आहे म्हणतात. मला वाटलं होतं, कापड कापून कापून खांदा भरून आलाय. माझ्या तोंडून नाही रे निघायचं त्यांच्यापुढे. तू सांग."

येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू नये म्हणून तिने ती चिठ्ठी वर लावली नाही. सरकारी पत्राच्या मागे सरकवली. मी दोन्ही कागद धरले. घट्ट धरले.

चार दिवसांनी, सकाळी, मालकीण आंघोळीला गेली असताना, मालकाने पत्र काढलं. रोज डोळ्यांसमोर ते दिसणं त्याला सोसत नव्हतं, एवढंच कारण. त्याने एका हाताने मला उचललं, दुसऱ्या हाताने पत्र ओढलं, न बघता चार घड्या घातल्या आणि डब्याच्या पिशवीतल्या आतल्या कप्प्यात कोंबलं. मागची चिठ्ठी पत्राबरोबर घडीत गेली. मला कळलं. एक कागद आणि दोन कागद यांतला फरक मला कळतो, माझं सगळं आयुष्य त्यात गेलंय. मी ओरडलो असतो. पण स्पीकर कधीच फाटला होता, आणि त्यातून जायचा तो आवाजही माझा कधी नव्हताच.

मालकीण आली. मी मोकळा. तिने माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून एक मोठा श्वास सोडला.

"बघितलं म्हणायचं," ती म्हणाली.

त्यानंतरचे महिने आठवले की मला माझीच शिसारी येते. मालकाला मनातून लाज वाटत होती. बायको एवढ्या आशेने बसलीय आणि आपण कागद पिशवीत घेऊन हिंडतोय. त्या लाजेपोटी तो घरात मदत करायला लागला. पाण्याच्या बादल्या उचलू देईना. जड कापडाचे गठ्ठे स्वतः आणून द्यायला लागला. खांदा दुखतो म्हणाली तेव्हा बाम घेऊन आला. आणि मालकीण? तिला वाटत होतं, याला माहीत आहे. गाठीचं माहीत आहे, म्हणूनच हे सगळं. हा बोलत नाही, पण तो टबही न बोलताच आणला होता ना?

एकदा तिने चहा गाळता गाळता विचारलं, "झालं का हो काही?"

"चाललंय," मालक कपात बघत म्हणाला. "सरकारी काम आहे."

"असू दे. घाई नाही." तिने त्याच्या हातात कप दिला. "तुम्ही आहात म्हटल्यावर मला काळजी नाही."

मी समोर होतो. दोघांची अळीमिळी गुपचिळी, आणि मधे मी, ज्याला सगळं ठाऊक होतं.

मुदत संपली त्या दिवशी मालक कॅलेंडरापुढे उभा राहिला आणि मग गुपचूप जाऊन पलंगावर आडवा झाला. पुढच्या वर्षी बघू, असं त्याने स्वतःला समजावलं असणार. मालकिणीला सांगितलं, "थोडं लांबलंय."

"लांबू दे," ती म्हणाली. पण त्या आठवड्यात तिने मशीनवर झाकण घातलं. उजवा हात सुजून कोपरापर्यंत ताठ झाला होता. मला जमिनीवर फिरवायची गरज उरली नाही, कारण आता सुया पडतच नव्हत्या.

शेवटी एका सकाळी तिला कप उचलता येईना. तो हातातून निसटला आणि फुटला. फुटलेल्या कपाकडे बघत ती म्हणाली, "अहो, ते कार्ड आता मिळालं तर बरं होईल हो."

मालकाने तिच्या हाताकडे पाहिलं. मला वाटतं, सुजलेला तो हात त्याने तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला. तिने कधीचे तयार करून ठेवलेले कागद, त्याची जन्मनोंद आणि लग्नाचा दाखला, लोखंडी क्लिपमध्ये अडकवून फ्रिजवरच्या टोपलीत ठेवले होते. त्याने घाईघाईने टोपली ओढली, क्लिप माझ्याजवळून गेली आणि मी तिला चिकटलो. त्याच्या ध्यानातही आलं नाही. असा मी छत्तीस वर्षांनी त्या घराबाहेर पडलो.

आधी आम्ही कारखान्याच्या कचेरीत गेलो. मालकाने डब्याच्या पिशवीतून पत्र काढलं, घडीतून अर्जाचं पान तेवढं ओढून पुढे केलं आणि बाकीची घडी तशीच क्लिपमध्ये अडकवली. तिथल्या कारकुनाने अर्ज पाहिला, जन्मतारीख पाहिली आणि हसला.

"सूतभरमामा, एवढंच ना? अहो, तुमच्या वेळच्या निम्म्या लोकांचं वय असंच आहे. साहेबांना केव्हाचं ठाऊक आहे. कारखान्यात ज्याची नोंद जशी, तशी त्याची सेवा. कुणाचं काही अडलेलं नाही."

त्याने शिक्का मारला. मारायला अर्धं मिनिटही लागलं नाही. मालक त्या ओल्या शिक्क्याकडे बघत उभाच राहिला. कारकुनाला वाटलं, अजून काही हवंय. "झालं मामा. निघा," तो म्हणाला.

विम्याच्या कचेरीत लाकडी बाकं होती आणि बाकांवर मालकाच्याच वयाची माणसं होती. कुणी काठी धरून, कुणी बायकोचा हात धरून. नंबर आला. खिडकीतल्या बाईंनी क्लिप हातात घेतली आणि मी त्यांच्या लोखंडी अंगठीकडे जरासा ओढला गेलो.

"हे काय लावलंय, काका? चुंबक? इथे मशीनजवळ नको." त्यांनी मला काढून मालकाच्या हातात दिलं. त्याने मला मुठीत धरलं. बाईंनी कागद चाळले. "जन्मनोंद, ठीक. शिक्का, ठीक. पण काका, तुमची मुदत संपली."

"सहाच आठवडे झालेत."

"एक दिवस झाला तरी हे मशीन नाव घेत नाही. माझ्या हातात असतं तर घेतलं असतं हो. चुकलेल्यांची नोंदणी वर्षातून एकदाच असते. आता चार महिन्यांनी. त्यानंतर तीन महिन्यांनी कार्ड लागू होईल."

"माझं राहू द्या," मालक म्हणाला. "बायकोचं तेवढं घ्या. तिचा हात सुजलाय."

"त्यांचं नाव तुमच्याच नावाखाली येतं. तुमचंच नसेल तर त्यांचं कुठून घालू?" बोलता बोलता बाई त्या चार घड्यांच्या पत्राच्या घड्या उलगडत होत्या. आतून दुसरा कागद निघाला. त्यांनी तो पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला. कागद त्यांनी हळूच पुढे सरकवला. "काका, ही चिठ्ठी इथे लागत नाही. ही तुमची घरची आहे."

मालकाने वाचलं. डॉक्टरीणबाईंचं अक्षर. काखेत गाठ, मोठ्या रुग्णालयात ताबडतोब तपासणी करावी. 'ताबडतोब'खाली दोन रेघा. आणि त्याखाली मालकिणीचं अक्षर, पोलक्यांची मापं लिहायची त्याच वळणाचं: 'अहो, मला भीती वाटते. कार्ड झालं की जाऊ. तुम्ही सोबत या.'

"ही कधीची?" त्याने विचारलं. कुणाला विचारलं, देव जाणे.

"वर तारीख आहे काका," बाई म्हणाल्या.

सात महिने झाले होते. सात महिने ती चिठ्ठी त्याच्या डब्याच्या पिशवीत होती. रोज तो ती कामावर घेऊन गेला होता आणि रोज घरी परत आणली होती. मापात सूतभर न चुकणारा माणूस. त्याने मला मुठीत इतकं आवळलं की माझी तुटकी कड त्याच्या तळहातात रुतली.

घरी आल्यावर त्याने चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि मला ठेवलं तिच्यावर. मालकीण समोर बसली होती.

"मी ही बघितलीच नाही गं," तो म्हणाला.

तिला समजलं नाही. "बघितली नाही म्हणजे? तुम्ही काढलीत ना?"

"पत्र काढलं. ते डोळ्यांपुढे नको होतं म्हणून. ही मागे होती, मला माहीतच नव्हतं." मग त्याने सगळं सांगितलं. शिक्का, वय, भीती. लग्न झाल्यापासून एवढं सलग बोलताना मी त्याला ऐकलं नव्हतं.

मालकिणीने चिठ्ठी जवळ ओढली. "मग तो बाम? पाण्याच्या बादल्या?"

"लाज वाटत होती म्हणून."

"आणि मी समजत होते..." तिने चिठ्ठीवरून बोट फिरवलं. "मी रोज समजत होते की तुम्हाला माहीत आहे. अहो, त्याच्यावरच तर मी एवढी निवांत होते."

मालकाने टेबलावर डोकं टेकलं आणि हंबरडा फोडला. तिने सुजलेला हात उचलायचा प्रयत्न केला, उचलेना, तेव्हा डावा हात त्याच्या केसांवरून फिरवत राहिली. "उगी," म्हणाली. "चूक माझीही आहे. जीभ होती ना मला."

मुलगी आली. मशीन विकलं, तिने तिच्याकडचं होतं नव्हतं ते आणलं, आणि कार्डाशिवायच तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, सहा महिने आधी आला असतात तर. हे वाक्य मुलीने स्वयंपाकघरात, नळ सोडून, आईला ऐकू जाऊ नये अशा आवाजात बापाला सांगितलं. नोंदणी उघडली त्या दिवशी मालक कचेरीचं दार उघडायच्या आधी जाऊन रांगेत पहिला उभा राहिला. दोघांची नावं नोंदवून आला.

त्या काळात माझ्याखाली एकही चिठ्ठी लागली नाही. मालकिणीने नवा नियम केला होता. जे काय ते तोंडाने बोलायचं. तिची खाट स्वयंपाकघराच्या दाराशी आणली होती आणि तो स्टुलावर बसून बोलायचा. काय काय बोलला! तो टब घ्यायला तीन दुकानं कशी फिरला, दुकानदाराने 'बाळ केवढं आहे' विचारल्यावर काय थाप मारली, सगळं. ती हसायची, खोकायची, पुन्हा हसायची. "आधी कुठे ठेवलं होतं हो एवढं?" विचारायची. मी रिकामा लटकत होतो आणि मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. माझ्यामुळे जे एवढी वर्षं बोललं गेलं नाही, ते ती दोघं भरभरून बोलून घेत होती.

कार्ड लागू व्हायला एकोणीस दिवस उरले असताना ती गेली.

कार्ड आलं टपालाने. स्वच्छ, गुळगुळीत, वर दोन नावं. मालकाने ते फ्रिजपुढे उभं राहून मोठ्याने वाचलं, तिने पत्र वाचलं होतं तसं. मग म्हणाला, "आलं गं." आणि ते माझ्याखाली लावलं.

मागच्या महिन्यात मुलगी आली होती. कार्डावर बोट ठेवून तिने विचारलं, "बाबा, हे काढून ठेवू का? आता कशाला इथे?"

"राहू दे," मालक म्हणाला. "काढलं की काम झालं, असा अर्थ होतो."

तिने बोट मागे घेतलं.

आता मी म्हातारा झालोय. पूर्वीसारखी ताकद नाही. दार जोरात लावलं की मी बोटभर खाली घसरतो आणि कार्डही माझ्याबरोबर घसरतं. मालक मला पुन्हा वर सरकवतो. तुम्हाला सांगायचं ते एवढंच. घरात कागद असतील, मुदती असतील, भीतीही असेल. कागद दाराला लावा, हवं तर, पण एकमेकांना तोंडानेही सांगा. आमच्यासारख्यांवर भार टाकू नका. आम्हाला नुसतं धरता येतं.

काल संध्याकाळी मालकाने कार्ड एका हाताने दारावर दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने मला काढलं. कार्ड टेबलावर ठेवलं. टोपलीतून ती जुनी नाडी शोधून काढली आणि माझ्या भोकात ओवली. मग गुडघ्यांवर बसून मला जमिनीवरून ओढायला लागला. मशीन नाही, शिवणारी नाही, तरी ओढत राहिला. पलंगाखालून, खाटेच्या जागेवरून, उंबऱ्याच्या फटीतून. "चल काळ्या," म्हणाला, अगदी तिच्यासारखं.

उंबऱ्यापाशी मला एक सुई लागली. गंजलेली, नेढ्यात अजून निळ्या दोऱ्याचा तुकडा. मालकाने ती पाहिली. काढली नाही. कार्ड पुन्हा दारावर धरलं, मला सुईसकट त्यावर ठेवलं, आणि कार्ड नीट सरळ केलं.

ती सुई माझ्या अंगावर आहे. मी तिला सोडणार नाही.